शिक्का, खोकं आणि माळ्यावरचा मिक्सर

मावशीकडे गेले तर नवा मिक्सर माळ्यावर, आणि ओट्यावर पुन्हा तोच जुना, झाकण हाताने दाबून धरावं लागणारा. नवा सुरू केला की दुसऱ्या मिनिटाला जळका वास येतो म्हणे. "मग परत का नाही केलास?" तर तिने फोन पुढे केला. भिशीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं असेल तर ती अट तुम्हाला मान्य आहे असं धरतात. खोकं उघडलं की हक्क संपला. दुकानदाराचा संबंध नाही, कंपनीकडे जा. आणि ग्राहक कोर्टात गेलात तर वकिलाच्या फीमध्ये दुसरी वस्तू येईल. खाली हात जोडलेले इमोजी.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो खरा वाटतो. मावशीच्या बिलामागेही तो जांभळा शिक्का आहेच, आणि तो वाचूनच ती गप्प बसली. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 2(47) काढून वाचा. अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या, ते तिथे सांगितलंय. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यातलीच एक. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत, नसेल तर 30 दिवसांत. ‘परत घेतला जाणार नाही’ ही काही मुदत नव्हे. शिक्का दाखवून दुकानदाराने परत पाठवलंच, तर त्याच बिलाची प्रत तक्रारीला जोडायची.

हां, एक कबूल करायला हवं. रंग आवडला नाही, जाऊबाईंना स्वस्तात मिळाला, म्हणून परत करायचा हक्क हे कलम देत नाही. तिथे दुकानदाराची मर्जी. फॉरवर्डवाल्याने हे आणि बिघडलेला माल एकाच भांड्यात घुसळलंय.

आणि खोक्याचं काय सांगावं! खोकं न उघडता आतली मोटर जळते हे कळायला मावशी काय संजय आहे, दिव्यदृष्टी मिळालेली? दोष वापरल्यावरच दिसतो. नुसतं बघून ठरवता येत नसेल, तर ग्राहक आयोग, म्हणजे आपण म्हणतो ते ग्राहक कोर्ट, वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, तशी तरतूद याच कायद्यात आहे. उघडलेली वस्तू बाद असती तर तपासायचं काय, थर्माकोल?

कंपनीकडे जा म्हणे. जा की, सर्व्हिस सेंटरला फोन करा, पण पैसे दुकानदाराने घेतलेत. तक्रारीत दोघांचीही नावं घालता येतात.

राहिलं कोर्ट. वकील सक्तीचा नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रार शुल्क शून्य. तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात, 2 वर्षांच्या आत. वेळ लागतो हे मात्र खरं. कायदा 3 महिने म्हणतो, तपासणी असली तर 5, आणि तारखा पडत राहतात. म्हणून आधी 1915 वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन. पुष्कळदा तेवढ्यानेच दुकानदाराचा आवाज खाली येतो.

बिलावरची अक्षरं आत्ताच पुसट झालीत, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढलाय. उद्या सकाळी मिक्सर खाली उतरवतोय, खोक्यासकट.