बिल शून्य? नागपूरच्या उन्हात हिशेब वेगळा
'छतावर सोलर लावा, बिल शून्य' असं सोलरवरच्या एका लेखात म्हटलंय. आमचं ३ किलोवॅटचं आहे, ७८ हजारांची सबसिडीही मिळाली. पण बिलातला स्थिर आकार (वीज कितीही वापरा, लागणारी ठरावीक रक्कम) दर महिन्याला येतोच ना जी! शिवाय पॅनेलची क्षमता ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला असताना मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते. मे महिन्यात आमची गच्ची किती तापते, ते तिथे वड्या-पापड वाळवणाऱ्या आईला विचारा. वरून धूळ. (इथे कूलरला पाणी पुरत नाही, पॅनेल कशाने धुवायचे?) आणि पॅनेल ज्यावर बसवतात त्या उंच लोखंडी स्ट्रक्चरचे पैसे विक्रेत्याने कोटेशनमध्ये धरलेच नव्हते, ते माणसं छतावर चढल्यावर सांगितले.