लेलँड हे एका गावाचं नाव आहे

लेलँड हे गावाचं नाव आहे, हे मला इंग्लंडात प्रेस्टनला राहायला आल्यावर कळलं. तोवर लेलँड म्हणजे अण्णांचा शब्द. अण्णा कराडच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. रात्री उशीर झाला की आई विचारायची, "आज काय झालं?" आणि हात धुता धुता ते म्हणायचे, "एक लेलँड खोलून ठेवलीय." इथे प्रेस्टनहून दक्षिणेकडे निघालेल्या गाडीत बसले होते, पाचेक मिनिटांत एक छोटं स्टेशन आलं आणि पाटीवर तेच नाव! मी तिथूनच अण्णांना फोन लावला.

या गावात १८९६ साली लँकेशायर स्टीम मोटर कंपनी सुरू झाली. आधी वाफेच्या गाड्या, मग पेट्रोलच्या, मग डिझेलच्या. १९०७ पासून नाव लेलँड मोटर्स. लॉऱ्यांना नावं प्राण्यांची: बीव्हर, हिप्पो, ऑक्टोपस, बायसन. आठ चाकांची ती ऑक्टोपस. १९४७ साली कॉमेट आली, आणि हीच कॉमेट पुढे मद्रासजवळच्या एन्नोरला बनू लागली. अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली ती १९५५ साली. तिथून आपल्या घाटांत.

पण एकट्या लेलँडचं कौतुक करून भागणार नाही. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, त्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, अल्बियन, सेडन, कॉमर, मॉरिस कमर्शियल अशा गाड्या होत्या. अण्णांच्या वरिष्ठांनी त्यांवर हात काळे केलेले. आमच्यासाठी ही नुसती नावं होती. इथे आल्यावर त्यातल्या एकेका नावामागे गाव दिसू लागलं. अल्बियन ग्लासगोची, रेडिएटरवर उगवता सूर्य. सेडन ओल्डहॅमची. बेडफर्ड ल्यूटन-डन्स्टेबलची. स्कॅमेल वॉटफर्डची. एईसी साउथॉलची. लंडनला असताना आम्ही ज्या साउथॉलला मेथी-कोथिंबीर आणायला जायचो, तिथेच १९७९ पर्यंत एईसीचा कारखाना होता आणि लंडनच्या लाल रूटमास्टर बसचे यांत्रिक भाग तिथेच तयार होत, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सँडबॅचची गोष्ट मला सगळ्यात आवडते. चेशरमधलं हे लहानसं गाव. तिथले फोडेन वाफेच्या लॉऱ्यांसाठी नावाजलेले. घरातला एडविन रिचर्ड म्हणू लागला की आता दिवस डिझेलचे आहेत. घरच्यांना ते पटेना. तो बाहेर पडला आणि १९३३ साली त्याने आपल्या नावाच्या आद्याक्षरांची ईआरएफ काढली, तीही त्याच गावात! पुढे फोडेनलाही डिझेलकडे वळावंच लागलं. एकाच आडनावाचे दोन कारखाने, एकाच गावात, कित्येक दशकं समोरासमोर. भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही, पण तिच्यातून दोन उत्तम लॉऱ्या निघाल्या हे विशेष.

प्रेस्टनची स्वतःची लॉरी म्हणजे ॲटकिन्सन. समोर गोलात मोठा ए. माझ्या शेजारचे आजोबा तरुणपणी हीच चालवायचे. आता ऐंशी ओलांडलीय, पण गार्डनर इंजिनाचं नाव काढलं की खुर्चीत ताठ बसतात. मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टला बनणारं हे इंजिन मिळवायला गिऱ्हाइकांना थांबून राहावं लागे. सहा सिलिंडरचं ६एलडब्ल्यू ११२ अश्वशक्तीचं. आजच्या एखाद्या साध्या मोटारीत याहून जास्त ताकद असते, आणि त्या काळी एवढ्यावर वीस-बावीस टन वजन ओढलं जायचं. ओढायचं ते सावकाश, पण डिझेल कमी खायचं आणि वर्षानुवर्षं दमायचं नाही. वेगाची तशी घाईही नव्हती. १९५७ पर्यंत जड लॉऱ्यांना कायद्यानेच ताशी २० मैलांची मर्यादा होती.

आजोबांचा रस्ता म्हणजे ए-६, शॅपच्या डोंगरावरून. इंग्लंडहून स्कॉटलंडकडे जाणाऱ्या मालाची ही वाट, माथा सुमारे १,४०० फुटांवर. उंची आपल्या खंडाळ्यापेक्षा कमी, पण हिवाळ्यात बर्फ आणि वारा. डबल क्लच मारत, म्हणजे गिअर बदलताना क्लच दोनदा दाबत, खालच्या गिअरात, माणूस चालेल त्या वेगाने चढायचं. केबिनमध्ये हीटर नाही म्हटलं तरी चालेल. आजोबा पेडलच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबायचे आणि पायांवर पोतं घ्यायचे. माल उघड्या फळीवर, वर ताडपत्री, वर दोर. ओली ताडपत्री गोठली की लाकडासारखी व्हायची, नखं निघायची, ते सांगतात. दोर ताणून बांधायची गाठ त्यांनी मला शिकवली. मला अजून ती धड जमत नाही.

१९७० साली एम-६ हा मोटरवे शॅपजवळून गेला आणि जुनी वाट ओस पडली. त्या माथ्यावर आज एक स्मारकशिला आहे. तिच्यावर कुण्या सरदाराचं नाव नाही. ती या वाटेवरच्या ड्रायव्हरांसाठी आहे, रस्ता बांधणाऱ्या-राखणाऱ्यांसाठी आहे, आणि बर्फात अडकलेल्यांना जेवण आणि आसरा देणाऱ्या आसपासच्या लोकांसाठी आहे. मी तिथे बराच वेळ उभी होते. आपल्या कसाऱ्याला, बोरघाटाला, कुंभार्लीला अशी एक शिला असावी असं मला मनापासून वाटतं.

वाहतूकदारांच्या दारांवरची अक्षरं हाही एक हरवलेला ऐवज. पेंटर ब्रशने मालकाचं नाव, गाव, फोन नंबर लिहायचा. १९४८ नंतर सरकारने लांब पल्ल्याची खासगी मालवाहतूक ताब्यात घेतली, ब्रिटिश रोड सर्व्हिसेस आली आणि कितीतरी घराण्यांच्या रंगीत लॉऱ्या लाल झाल्या. १९५३ नंतर बऱ्याच परत विकल्या गेल्या, पण दारावर तेच जुनं नाव पुन्हा लिहायला सगळेच उरले नव्हते. त्यातल्या कुणा मालकाला काय वाटलं असेल, हे आपल्याकडे ट्रकच्या कपाळावर 'आईवडिलांची कृपा' लिहिणाऱ्याला विचारावं.

इथले काही लोक म्हणतात की तो काळच चांगला होता. मला ते पूर्ण पटत नाही. गोठलेल्या हातांनी दोर ताणणाऱ्याचा काळ चांगला कसा म्हणू? गेलं ते वेगळंच आहे. गावाला आपण काय बनवतो हे ठाऊक होतं आणि ते नाव जगभर फिरत होतं. लेलँडमध्ये आजही ट्रक बनतात, कितीतरी लोकांची घरं त्यावर चालतात, पण त्या ट्रकांच्या नाकावर नाव डाफ या डच कंपनीचं असतं. आणि माझी खरी तक्रार संग्रहालयं भरवणाऱ्या आपल्या सगळ्यांशी आहे. आपण रेडिएटर चकचकीत करतो, पण ती लॉरी चालवलेला माणूस दोन गल्ल्या पलीकडे बसलेला असतो आणि त्याचा आवाज कुणी टिपून ठेवत नाही. मी आजोबांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायला घेतलंय. कराडला भाचा अण्णांचं करतोय. तुमच्या घरात कुणी ड्रायव्हर, फिटर, क्लीनर असेल तर या रविवारी बसा त्यांच्यापाशी.

मागच्या उन्हाळ्यात इथे जुन्या लॉऱ्यांचा मेळा होता. एक हिरवी कॉमेट दिसली, बॉनेटवाली. मालकाने इंजिन सुरू केलं तसा मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बॉनेटजवळ धरला. अण्णा डोळे मिटून ऐकत राहिले. मला वाटलं, भरून आलंय. मग म्हणाले, "एक टॅपेट वाजतोय. सांग त्यांना."

मी सांगितलं. मालकाने क्षणभर कान दिला, इंजिन बंद केलं आणि पान्ह्यांची पेटी काढली.