सायकलरिक्षा हटवण्याचे सोपे उपाय

शहर चालवायची जबाबदारी उद्या तुमच्या गळ्यात पडली, तर घाबरू नका. पाणी, कचरा, धूर हे विषय किचकट असतात, त्यांना हात लावू नये. सायकलरिक्षा घ्या. तिला इंजिन नाही, त्यामुळे मोटार वाहन कायदा लागू नाही, आरटीओ तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ती सगळी पालिकेच्या उपविधींच्या ताब्यात. शिवाय चालवणारा परगावचा, मतदार यादीत नाव असलंच तर गावाकडे. दिल्लीत अर्धी हयात काढलेल्या मराठी माणसाचे हे बोल आहेत. फुकट देतोय, घ्या.

सुरुवात आकड्यानं करा. दिल्ली महापालिकेनं 1960 साली सायकलरिक्षांचे उपविधी केले आणि परवान्यांची मर्यादा पुढे 99 हजारांवर नेऊन ठेवली. पूर्ण लाख का नाही, हे विचारू नये. 99 हजार म्हटलं की कोणीतरी रात्र रात्र जागून हिशेब केलाय असं वाटतं. रस्त्यावर त्याच्या कितीतरी पट रिक्षा असल्या तर उत्तमच. उरलेल्या सगळ्या आपोआप बेकायदा, आणि बेकायदा माणूस पावती मागत नाही.

मोटारींनाही अशी मर्यादा घालावी असं मनात आलं, तर थंड पाणी प्या. जाईल विचार.

मग दुसरा नियम काढा: परवाना ज्याच्या नावावर, त्यानंच पायडल मारायचं. कागदावर काय शोभतं! गरिबाची पिळवणूक एका ओळीत बंद. आता बिहारहून, पूर्व उत्तर प्रदेशातून शेतीची कामं नसलेल्या महिन्यांत आलेला माणूस गॅरेजवाल्या ठेकेदाराकडून रोजाच्या भाड्यानं रिक्षा घेतो आणि कापणीला गावी जाताना परत लावून जातो. विकत घेऊन ती ठेवणार कुठे, उशाशी? तेव्हा पहिली सवारी बसायच्या आत तो गुन्हेगार. टुरिस्ट टॅक्सीवाले शेठ आपल्या सगळ्या गाड्या स्वतः चालवतात का, असले फाटे फोडू नका.

स्टँड देऊ नका. स्टँड नाही म्हणून तो कुठेही उभा राहील, कुठेही उभा राहिला म्हणून उचलता येईल.

आता जप्ती. ही कला परवाच जवळून बघायला मिळाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पूर्व दिल्लीतलं एक मेट्रो स्टेशन, भर दुपार, आईचे गुडघे बोलतायत. घर इतकं जवळ की ऑटोवाला मान हलवतो आणि इतकं लांब की आईला चालवत नाही. सायकलरिक्षा असते ती नेमकी याच अंतरासाठी. आई कशीबशी चढून बसली तोच टेम्पो येऊन थांबला आणि आतून चौघे उतरले. एकानं पुढच्या चाकाची हवा सोडली आणि वॉल खिशात टाकला. दुसरा आईला म्हणाला, "माताजी, उतरो." ती पुरती उतरायच्या आत गद्दी उपसून टेम्पोत. रिक्षावाला भांडला नाही. "साहब, गद्दी तो दे दो," एवढंच म्हणत राहिला, कारण गद्दीचे पैसे ठेकेदार त्याच्याच माथी मारणार. मी विचारलं, नियम कोणता? उत्तर आलं, "ऊपर से ऑर्डर है." या सगळ्याला खेटून एक लांबलचक पांढरी गाडी दुसऱ्या रांगेत उभी, चारही दिवे लुकलुकत, ड्रायव्हर आत एसी लावून झोपलेला. चौघांपैकी एकानं तिच्या बॉनेटवर टेकून पाणी प्यायलं. पाणी प्यायलं हो! रस्ता अडवणारं वाहन शोधायला आलेला माणूस!

हे कधीचं, तर 10 फेब्रुवारी 2010 रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं 'मानुषी' या संस्थेच्या याचिकेवर ती 99 हजारांची मर्यादा रद्द केली, मालकानंच चालवायची अट रद्द केली, त्याही नंतरचं. जप्त रिक्षा मोडून भंगारात काढायची तरतूदसुद्धा तेव्हाच गेली. पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथेही 2012 मध्ये हरली. काय फरक पडला? नियम गेला, हात तेवढे तिथेच राहिले. भंगार करता येत नाही ना, मग वॉल काढा.

चांदणी चौकाचं कौतुक मात्र करत राहा. 2021 पासून तिथे सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी आणि सायकलरिक्षांना मुभा. पाहुण्यांना नेऊन फोटो काढा. हेच आणखी चार रस्त्यांवर का नको, हे फोटोत येत नाही.

पुरे झाला हा शहाणपणा. नियमन नको असं कोण म्हणतंय? करा ना! त्या रिक्षेला एकच गिअर आहे, ब्रेक फक्त पुढच्या चाकाला, मागे रिफ्लेक्टर नाही, उताराला माणूस पाय घासत थांबवतो. एवढ्या वर्षांच्या कागदांत ब्रेकबद्दल कोणी आग्रह धरला? मोजल्या, हाकलल्या, उचलल्या. प्रत्येक स्टेशनाखाली दहा रिक्षांपुरता पट्टा आखायला रंगाचे दोन डबे लागतात, ते कुणाला सुचत नाही. आणि तुम्ही कसले हसताय? चढावर घाम गाळणाऱ्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारे तुम्हीच, घरी येऊन "या लोकांनी ट्रॅफिकची वाट लावली" म्हणणारेही तुम्हीच. सोसायटीत पुढच्या वेळी 'गेटसमोरच्या रिक्षावाल्यांचा बंदोबस्त करा' असा अर्ज फिरला, तर सही ठोकायच्या आधी खाली जाऊन बघा, फूटपाथवर अर्धी चढवलेली ती गाडी कुणाची आहे.