‘एक वस्तरा, जन्मभराची दाढी’ : या संदेशातले काय टिकते?

वस्तऱ्याने घरच्या घरी दाढी करण्याचा छंद लावून घ्या, असे सांगणारा एक संदेश हातोहात फिरतो आहे. त्यातले दावे थोडक्यात असे: वस्तरा एकदाच घ्यायचा, तो डब्यातून काढला की वापरायला तयार, धार गेली की चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा, ती परत येते, पाते जितके उभे धराल तितकी दाढी साफ, केस मुळापासून निघतो, म्हणून तीन दिवस गाल गुळगुळीत, आणि उकळत्या पाण्यात बुडवला की तोच वस्तरा घरातल्या सगळ्यांना चालतो.

छंद उत्तम आहे, त्याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण या संदेशावर विसंबून सुरुवात करणाऱ्याच्या गालांची काही दिवसांतच आग व्हायला लागते, वस्तरा कपाटात जातो आणि दोष वस्तऱ्यावर येतो. म्हणून एकेक दावा तपासू.

‘धार गेली की पट्ट्यावर घासा, परत येते.’

सगळ्यात जास्त नुकसान करणारे वाक्य हेच. पट्टा लागलेली धार राखतो. गेलेली धार त्याच्याने येत नाही. पात्याच्या दोन बाजूंचे दोन बारीक उतार जिथे मिळतात ती रेघ म्हणजे धार. दाढी करताना ती रेघ कुठे किंचित वाकते, कुठे तिच्यावर साबण आणि गंजाचा सूक्ष्म थर बसतो. चामडे तिला सरळ करते, पुसते, थोडी झिलई देते. पण उतारच झिजून गोल झाले असतील तर ते पुन्हा घडवायला पोलाद काढावे लागते, आणि कोरडे चामडे तेवढे पोलाद काढू शकत नाही. ते काम निसण्याचे, म्हणजे धारेच्या दगडाचे.

मऊ केसाने पोलाद बोथट कसे होते, असे कुणी विचारील. एमआयटीच्या संशोधकांनी नेमके हेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. पोलाद केसापेक्षा सुमारे 50 पट कठीण असूनही धारेचे सूक्ष्म टवके उडतात. केस पात्याखाली वाकला आणि त्याच जागी पोलादाची घडण एकसारखी नसली की असे होते. त्यांनी वापरून फेकायच्या ब्लेडांवर प्रयोग केले होते, पण केस आणि पोलाद यांचे नाते वस्तऱ्यातही तेच आहे. उडालेला टवका कितीही पट्टा मारला तरी भरून येत नाही.

पट्टा मारायचा तो दाढीच्या आधी, दर वेळी. आधी कापडी बाजूवर 20 ते 30 फेऱ्या, मग चामड्यावर 50 ते 60. एक जाणे आणि एक येणे मिळून एक फेरी. पाते पूर्ण आडवे, पाठ (धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेली. पाठ पुढे आणि धार मागे, अशा दिशेने ओढायचे. टोकाला पोहोचल्यावर पाते उलटायचे ते पाठीवर, कधीही धारेवर नाही. धारेवर उलटले की चामड्यालाही काप जातो आणि धारही खराब होते; नवशिक्याचा पट्टा बहुधा असाच फाटतो. दुसरी चूक म्हणजे पट्टा सैल धरून वर जोर देणे. पट्ट्याला झोळ पडला की चामडे धारेभोवती वळते आणि रेघ गोल होते. म्हणजे ज्या कामासाठी पट्टा मारला त्याच्या उलटच घडते. पट्टा ताठ ठेवा, हात हलका ठेवा आणि पहिला महिना वेग विसरून जा.

पट्ट्याने भागेनासे झाले की निसणा. रोज दाढी करणाऱ्यावर ही वेळ साधारण दोन-तीन महिन्यांनी येते. राठ केसांना लवकर, मऊ केसांना उशिरा. बदल हळूहळू होत असल्याने तो चटकन लक्षात येत नाही. आधी हनुवटीपाशी केस ओढला जातो, मग गालावरही तसे व्हायला लागते. धार अजून शाबूत असेल तर 8000 आणि मग 12000 ग्रिटच्या दगडावर (आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) थोड्या फेऱ्या पुरतात. मुळापासून लावायची असेल तर 1000 वर उतार घडवायचे, मग 4000, 8000 आणि 12000.

दगड सपाट हवा. मधे खोलगट झालेल्या दगडावर धार कधीच नीट लागणार नाही. वस्तऱ्याच्या घडणीतली सोय अशी की कोन धरण्याची चिंताच नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवली की पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन आपोआप ठरतो. दोन्ही उतारांचा मिळून तो बहुतेक वस्तऱ्यांत 16 ते 18 अंशांच्या आसपास येतो. इथे दिशा पट्ट्याच्या उलट: धार पुढे. दगड पात्यापेक्षा अरुंद असला तर पाते तिरके सरकवत न्यायचे, म्हणजे मुठीकडच्या भागापासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. दोन्ही बाजूंना सारख्याच फेऱ्या.

1000 वर एक गोष्ट पक्की करा: पाते कातडीलगत चालवल्यावर मनगटावरची लव संपूर्ण लांबीभर सहज कापली गेली पाहिजे. ती कापली जात नसेल तर पुढच्या दगडावर जाऊच नका. बारीक दगड झिलई देतात, अर्धवट उतार पूर्ण करत नाहीत. धार लागत नाही अशी तक्रार असते तेव्हा चूक बहुतेक वेळा याच पायरीवर सापडते.

‘डब्यातून काढला की तयार.’

काही वेळा असतो, बऱ्याचदा नसतो. कारखान्याची धार चकाकते, पण दाढीला पुरेलच असे नाही. वर सांगितलेली लवेची परीक्षा इथेही चालते. नखावर धार घासून पाहू नका, त्याने धारच मरते.

धारेपेक्षा मोठा प्रश्न पात्याचा आहे. मऊ, नीट न तापवलेल्या पोलादाची, किंचित पिळलेली पाती वस्तरा म्हणून खपवली जातात. त्यांना धार लागत नाही, लागली तर टिकत नाही. घेण्याआधी पाते सपाट काचेवर ठेवा: पाठ आणि धार दोन्ही टेकतात का, की पाते डुगडुगते? मिटल्यावर धार मुठीच्या दोन फळ्यांच्या बरोबर मधे येते का? जुना वस्तरा घेत असाल तर दहापट भिंग घेऊन धारेजवळ भेग आणि गंजाचे खड्डे शोधा. पाठीवरचा डाग घासून जातो, पण धारेवरचा खड्डा दगडावर उघडा पडतो आणि तिथे धार तुटते. भेग असेल तर वस्तरा परत करा, तिला उपाय नाही.

मापाचे म्हणाल तर पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात. सुरुवातीला 5/8, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर, आणि टोक गोल. चौकोनी टोकाची अणी मिशीची कड कोरायला चांगली, पण नवख्या हातात तीच कान आणि ओठ कापते.

‘पाते जितके उभे, तितकी दाढी साफ.’

उभे पाते केस कापण्याऐवजी कातडी खरवडते. गालाशी सुमारे 30 अंशांचा कोन धरा. आरशात कोन मोजता येत नाही, म्हणून पाते गालावर आडवे टेकवा आणि पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या साधारण दीडपट उचला. 5/8 च्या पात्यात गाल आणि पाठ यांच्यात सुमारे 8 मिलिमीटर अंतर पडते. याहून सपाट धरले तर केस ओढले जातात, उभे केले तर आग होते. केस ओढला जातोय म्हणून पाते आणखी उभे करून जोर लावणे ही नेहमीची चूक. धार कमी असल्याची ती खूण असते.

साफ दाढी कोनातून कमी आणि तयारीतून जास्त येते. केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजू द्या, तो पाणी पितो आणि मऊ होतो. फेस ओला आणि दाट हवा. लावल्यावर मिनिटभरात सुकत असेल तर ब्रशला पाणी कमी पडले. दुसऱ्या हाताने कातडी ताणा. बोटे घसरत असतील तर ओली तुरटी बोटांना चोळा, पकड बसते. ओढ दोन-तीन सेंटिमीटरची, केस ज्या दिशेने वाढतो त्याच दिशेने. हवी तर दुसरी फेरी आडवी, पुन्हा फेस लावूनच. उलटी फेरी पहिल्या महिन्यात नकोच. पाते कधीही धारेच्या रेषेत, सुरीसारखे, सरकवू नका. वस्तऱ्याच्या खोल जखमा तशाच होतात. पहिला आठवडा फक्त गाल, उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. मग मान, आणि हनुवटी व वरचा ओठ सगळ्यात शेवटी.

‘केस मुळापासून निघतो.’

नाही. मूळ कातडीच्या आत असते आणि कोणतेही पाते तिथे पोहोचत नाही. दाढी दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढते, तेव्हा दुसऱ्या दिवशी खुंट हाताला लागणारच. याच्या उलटा समज, की वस्तऱ्याने केस राठ आणि दाट होतात, तोही खोटा. 1928 मध्ये शरीररचनेच्या अभ्यासक मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी चार पुरुषांच्या दाढीवर तो तपासला होता आणि फरक आढळला नव्हता. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो बोटांना जाड वाटतो.

‘एकदाच घ्यायचा.’

वस्तरा एकदाच, हे खरे. चांगला वस्तरा दोन-तीन पिढ्या चालतो. पण त्याच्याबरोबर पट्टा, ब्रश, साबण आणि दगड (किंवा धार लावून देणारा जाणकार) हे सगळे लागते. हिशेब करायचा तर यांच्यासह करा.

‘उकळत्या पाण्यात बुडवला की सगळ्यांना चालतो.’

उकळत्या पाण्याने पोलादाचे पाणी, म्हणजे तापवून आणलेला कठीणपणा, उतरते अशी भीती काहींना असते. 100 अंशांवर तसे होत नाही, त्याला बरेच जास्त तापमान लागते. बिघडते ते बाकीचे. शिंगाची किंवा लाकडाची मूठ वाकते, भेगाळते. पाते ज्या खिळीवर फिरते तिच्यापाशी पाणी मुरते आणि तिथून आत गंज धरतो, जो बाहेरून दिसतही नाही.

आणि वाटून वापरणे तर नकोच. हेपटायटिस-बी चा विषाणू शरीराबाहेर, पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि वस्तऱ्याने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतच असतात. दुसऱ्याची दाढी करायची तर बदलत्या ब्लेडचा वस्तरा घ्या आणि दर माणशी नवे ब्लेड लावा. मात्र त्यावर शिकलेला हात अखंड पात्यावर जसाच्या तसा चालत नाही. बदलत्या ब्लेडचा वस्तरा हलका असतो, त्याचे ब्लेड पातळ असते आणि कोनातली चूक तो अजिबात पोटात घालत नाही.

स्वतःच्या वस्तऱ्याला दाढीनंतर एवढे करा: पाते धुवा, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा, मग कोरड्या कापडावर पुन्हा. मुठीच्या फळ्यांमधून कापडाची पट्टी ओढून तिथले पाणी काढा. पट्ट्याच्या कापडी बाजूवर पाच-सहा फेऱ्या मारा, धारेवरचा उरलेला ओलावा जातो. काही दिवस वापरायचा नसेल तर पात्यावर मिनरल ऑइलचा थेंब पसरवा. वस्तरा न्हाणीघरात ठेवू नका, तिथल्या दमट हवेत कार्बन पोलादाच्या धारेवर एका रात्रीत गंज चढू शकतो. सेल्युलॉइडच्या (एक जुन्या काळचे प्लास्टिक) जुन्या मुठीचा वस्तरा असेल तर तो बाकीच्यांपासून दूर ठेवा. ते सेल्युलॉइड कुजायला लागले की त्यातून निघणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही खाते.