तूप लावूनही मुलाचे ओठ का फुटत राहिले

ओठ फुटण्यावरचा एक लेख वाचला. त्यात सगळा दोष कमी पाणी पिण्यावर टाकलाय, ते अपुरं वाटलं. आम्ही ग्वाल्हेरात, लष्कर नावाच्या भागात राहतो. इथली जानेवारीची कोरडी थंडी आणि मे-जूनमधली लू म्हणजे गरम झळांचा वारा, दोन्ही ओठांना सोडत नाहीत. गेल्या हिवाळ्यात माझ्या ९ वर्षांच्या मुलाच्या ओठांभोवती लाल कडं उठलं. पाणी पाजत राहिलो, सासूबाई रोज रात्री साजूक तूप लावायच्या, तरी सकाळी पुन्हा भेगा. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला थोडा वेळ नुसतं न्याहाळलं आणि म्हणाल्या, हा सारखी जीभ फिरवतोय.

लाळ वाळताना ओठांचा ओलावाही घेऊन जाते, आणि तिच्यातली पाचकद्रव्यं पातळ त्वचेला झोंबतात. आग झाली की मूल पुन्हा चाटतं. तूप वाईट नाही हो, पण चवीमुळे तो तेही चाटायचा! मग बिनवासाची, बिनचवीची पेट्रोलियम जेली, दिवसातून ५-६ वेळा. पुदिन्याची झणझणीत टूथपेस्टही बंद केली. ३ आठवड्यांत कडं गेलं.

ओठांचे कोपरे चिरत असतील तर मात्र बुरशी, किंवा लोहाची वा ब जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्यांनीही ओठ सुकतात. आणि उन्हात काम करणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या कुणाच्या खालच्या ओठावर खरखरीत पांढरट चट्टा २-३ आठवड्यांत गेला नाही, तर कृपया मलमं लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. कर्करोगाची सुरुवात तशीही होते. लेखात हे यायलाच हवं होतं.