गॅस बॉयलर स्वस्त, पण फक्त विकत घेताना
नवं घर उबदार ठेवायला गॅस बॉयलरच परवडतो असं एका लेखात म्हटलंय. ते खरेदीपुरतंच खरं आहे. जर्मनीत २०२३ मध्ये बांधून झालेल्या जवळपास दोन तृतीयांश नव्या घरांत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र, हेच घर गरम करायचं मुख्य साधन आहे. आम्हीही श्टुटगार्टजवळच्या घरात तोच बसवला. फरशीखालच्या नळ्यांतून ३५ अंशांचं पाणी फिरलं तरी घर छान उबदार राहतं, आणि पाणी जितकं कमी तापवावं लागेल तितकी वीज वाचते. मात्र कंत्राटदाराकडून प्रत्येक खोलीला किती उष्णता लागेल याचा हिशेब लेखी घ्याच. ‘थोडा मोठाच टाकू’ म्हणाला तर ऐकू नका. गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होतो नि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. आणि पंपाचं बाहेरचं युनिट आवाज करतं, म्हणून ते शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर नको; त्याची जागा घराच्या नकाशातच ठरवा.