जळकी ट्यूब फोडून कुंडीत टाकू नका

‘घरात ऊन येत नाही? ट्यूबलाइटवर बाग फुलवा’ हा मेसेज सध्या सोसायट्यांच्या आणि बागकामाच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. सोबत रात्रीच्या अंधारात दिव्यांनी लखलखणाऱ्या शेताचा फोटो. दावे चार. खोलीतली नेहमीची ट्यूब 24 तास चालू ठेवा, झाडं दुप्पट वेगाने वाढतात. ट्यूब छताला असली तरी हरकत नाही, आपल्याला उजेड दिसतो म्हणजे झाडालाही मिळतो. त्यातही जांभळा दिवा घेतलात तर उत्तम, कारण पांढऱ्या उजेडाचा बराचसा भाग झाडाला लागतच नाही. आणि शेवटी, जळकी ट्यूब फेकू नका. फोडून आतली पांढरी पावडर मातीत मिसळा, त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस असतो.

असे मेसेज मी वाचून सोडून देते. हा मात्र माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिने माळ्यावरची जुनी जाडजूड ट्यूब खाली काढली, दोन्ही टोकं काळी पडलेली, आणि गोणपाटात गुंडाळून बत्त्याशेजारी ठेवली. पावडर जाणार होती कोथिंबिरीच्या कुंडीत, आणि ती कोथिंबीर रोजच्या आमटीत. म्हणून पहिलं उत्तर या पावडरीला, बाकीचं नंतर.

ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. वीज सुरू झाली की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला पांढरा थर त्यांचं डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडात रूपांतर करतो. पाऱ्याशिवाय ही ट्यूब चालतच नाही. वापर होत जातो तसा यातला बराच पारा त्या पांढऱ्या थरात आणि काचेत मुरत जातो. म्हणजे जळक्या ट्यूबमधून खरवडलेली पावडर ही पारा मुरलेली पावडर असते. नव्या बारीक ट्यूबमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो. जुन्या जाड, 40 वॉटच्या ट्यूबमध्ये त्याहून बराच जास्त.

मेसेजमधला एक शब्द खरा आहे, तो मान्य करते. जुन्या ट्यूबमधली पावडर मुख्यतः कॅल्शियमचं फॉस्फेट असलेलं संयुगच असते. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे मुळांच्या हाती काही लागत नाही, आणि अख्ख्या ट्यूबमधून निघते ती जेमतेम चमचाभर. त्यातच थोडं अँटिमनी हे विषारी मूलद्रव्यही असतं. नव्या ट्यूबच्या पावडरीत तर इट्रियम, युरोपियम, टर्बियम असली मूलद्रव्यं असतात, त्यांचा कोथिंबिरीला काय उपयोग? चमचाभर शेणखताने जे होईल तेही यातून होणार नाही. मातीत गेलेल्या पाऱ्यातला काही मुळांना चिकटतो, काही पुन्हा वाफ होऊन त्याच गॅलरीतल्या हवेत येतो. शिवाय काचेचे बारीक कण कुंडीत राहतात, आणि माती आपण हातानेच खुरपतो.

हे माझं घाबरणं नाही. पाऱ्याच्या धोक्यावर देशोदेशींनी मिळून एक करार केला आहे, मिनामाता करार. जपानमधल्या मिनामाता शहरात कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा माशांत गेला, माशांतून माणसांत गेला आणि माणसं अपंग झाली, मेली. त्या शहराचं नाव या कराराला दिलं आहे. भारताने तो 2018 मध्ये स्वीकारला. याच कराराच्या 2023 च्या जिनिव्हातल्या बैठकीत पाऱ्याच्या ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायची मुदत ठरली: जुन्या प्रकारच्या पावडरीच्या ट्यूब 2026 पर्यंत, नव्या प्रकारच्या 2027 पर्यंत. जगभरातले देश जी वस्तू बनवणं थांबवायला बसलेत, ती फोडून भाजीत घाला असं सांगणारा मेसेज पुढे ढकलताना हात थांबायला नको?

एखादी ट्यूब चुकून फुटली तर गडबडून जायचं कारण नाही. पोरांना बाहेर काढा, पंखा-एसी बंद करा, खिडक्या उघडा, दहा मिनिटं खोलीत जाऊ नका. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला, ओल्या कागदाने फरशी पुसा आणि सगळं झाकणाच्या बरणीत बंद करा. झाडू नको, व्हॅक्यूम क्लीनर तर नकोच. न फुटलेली ट्यूब ई-कचऱ्यात द्यायची, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. मावशीची ट्यूब अशीच गेली.

आता उजेड. ‘आपल्याला दिसतं म्हणजे झाडाला मिळतं’ हा दावा लोकांना लगेच पटतो, कारण आपले डोळे आपल्याला फसवतात. उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारच्या उन्हात तो साधारण एक लाख लक्स असतो. पावसाळी, ढगाळ दिवशीही बाहेर दहा हजाराच्या आसपास मिळतो. छताजवळच्या एका 36 वॉटच्या ट्यूबचा उजेड खाली टेबलावर येईपर्यंत शे-दीडशे लक्सवर येतो. डोळ्याची बाहुली मोठी होते आणि आपण आरामात पेपर वाचतो. झाडाला अशी सोय नाही. मिरचीचं बी अशा खोलीत उगवतं खरं, पण खोड पांढुरकं, दोऱ्यासारखं लांबतं, पानं तिळाएवढीच राहतात आणि पाण्याचा पहिला शिपका बसला की रोप ट्रेच्या काठावर आडवं होतं. बी खराब निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण होतं ते यानंतर.

तीच ट्यूब रोपाच्या शेंड्यापासून वीतभरापेक्षाही जवळ, 15 सेंटिमीटरवर आणली तर अडीच हजार लक्सच्या घरात उजेड मिळतो. अशा तीन-चार ट्यूब शेजारी-शेजारी, वर उजेड खाली परतवणारी पांढरी पट्टी, आणि रोप वाढेल तशी साखळीने वर घ्यायची सोय, एवढं केलं की रोपं ठेंगणी, दणकट होतात. ट्यूब बल्बसारखी तापत नाही म्हणून ती इतकी जवळ आणता येते. घरातल्या रोपांसाठी ट्यूब वापरात आली ती याच गुणामुळे. आफ्रिकन व्हायोलेट दोन ट्यूबखाली फुटभर अंतरावर छान फुलतं. पण टोमॅटोची फळं किंवा डेरेदार तुळस एका ट्यूबवर होईल ही आशा सोडा.

24 तासांचं सांगायचं तर टोमॅटोला अखंड उजेडात ठेवलं की पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. शेवंतीला कळ्या धरायला लांब रात्र लागते. रात्रभर दिवा ठेवलात तर कळीच येणार नाही. रोपांना 14 ते 16 तास पुरतात, मग अंधार द्या. आणि तो फोटो ड्रॅगन फ्रूटच्या शेतासारखा दिसतो. सोलापूर-सांगलीकडे शेतकरी हिवाळ्यात असे दिवे लावतात, ते झाडाला जेवण म्हणून नव्हे. ड्रॅगन फ्रूटला फुलायला मोठा दिवस लागतो, म्हणून रात्री काही तास दिवे लावून त्याची रात्र तोडतात आणि बिगरहंगामी फुलं काढतात. त्याचं पोट दिवसाच्या उन्हावरच भरतं. कष्टाने शिकलेल्या त्या तंत्राचा फोटो इथे चिकटवणं मला अजिबात आवडलेलं नाही.

जांभळ्या दिव्याबद्दल थोडक्यात. त्यात मुख्यतः लाल आणि निळा उजेड असतो. लाल उजेड सर्वांत कामी येतो आणि निळ्याने रोप आटोपशीर राहतं, इतपत खरं. पण पांढऱ्या उजेडातला हिरवा भाग पान सगळाच परतवून लावत नाही. संशोधक कीथ मॅक्री यांनी 1972 मध्ये 22 पिकांवरची मोजमापं प्रसिद्ध केली; त्यात हिरव्या उजेडातही प्रकाशसंश्लेषण चांगलंच चालू होतं. साधी कूल डेलाइट, म्हणजे पांढऱ्याशुभ्र उजेडाची ट्यूब रोपांना पुरेशी आहे, फुलझाडं असतील तर जोडीला एक वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाची लावा. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की कीड लागली, तेही धड दिसत नाही.

घरात चालू ट्यूब आहेत तर त्या खाली आणून वापरा, टोकं काळी पडली की ई-कचऱ्यात द्या. नव्याने घ्यायचं असेल तर ट्यूब घेऊच नका, साधी पांढरी 20 वॉटची एलईडी पट्टी घ्या. जुन्या चोकवरची ट्यूब चोकसकट 45 ते 50 वॉट खाते, म्हणजे 14 तासांत पाऊण युनिटच्या जवळ. एलईडी तेवढ्याच वेळात पाव युनिटच्या किंचित वर जाते, आणि तिच्यात पारा नसतो.